कोयनेचं पाणी फुकट नाही

गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते. तिच्यातलं पाणी चार मजले खाली, म्हणजे साधारण १५ मीटर, पाइपातून सोडलं आणि खाली एक टर्बाइन बसवलं, तर किती वीज मिळेल? एक थेंबही वाया गेला नाही असं धरलं तरी ०.०४ युनिट. मोबाइल दोन-तीनदा चार्ज होईल, संपलं. तेवढंच पाणी कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयातून सह्याद्रीच्या पोटातल्या भुयारानं पोफळीच्या वीजगृहात उतरवलं, तर सुमारे ४७५ मीटरची उडी मिळते आणि यंत्रांतली घट वजा जाता साधारण १.१५ युनिट वीज हाती लागते. महिन्याला शंभर युनिट वापरणारं घर चालवायला अशा सत्त्याऐंशी टाक्या लागतील.

जलविद्युतचं सगळं अर्थकारण या टाकीपासून सुरू होतं. कोळशाचं वीज केंद्र कोळसा विकत घेतं, त्याचं बिल येतं, म्हणून त्याच्या प्रत्येक युनिटाचा खर्च डोळ्यांना दिसतो. पाण्याचं बिल कुणी पाठवत नाही. म्हणून धरण बघायला गेलेल्या प्रत्येक सहलीत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘ही वीज फुकटच की!’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याचाच हिशेब मांडून दाखवावा म्हणतो.

कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट. पोफळीचा पहिला-दुसरा टप्पा मिळून ६००, अलोऱ्याचा तिसरा टप्पा ३२०, जमिनीखालचा चौथा टप्पा १,०००, आणि धरणाच्या पायथ्याचं छोटं वीजगृह ४०. तिसरा टप्पा मोठा काटकसरी आहे. वरच्या वीजगृहांतून बाहेर पडलेलं पाणी, ज्याला तिकडं अवजल म्हणतात, कोळकेवाडीच्या धरणात अडवायचं आणि आणखी शंभरेक मीटर खाली सोडून पुन्हा वीज काढायची. मग ते वाशिष्ठीला मिळून चिपळूणवरून समुद्राला जातं.

आता एक टीएमसी पाणी धरा. म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, आपल्या भाषेत २ कोटी ८३ लाख काळ्या टाक्या. पोफळीत किंवा चौथ्या टप्प्यात त्यांतून सव्वातीन कोटी युनिट निघतात, अलोऱ्याला आणखी पाऊण कोटी. एक टीएमसी म्हणजे चार कोटी युनिट, हा आकडा लक्षात ठेवा, पुढं सारखा लागेल.

शिवाजीसागरात १०५.२५ टीएमसी पाणी मावतं. पण ते सगळं पश्चिमेला सोडता येत नाही. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचं पाणी पूर्वेला जायचं, तर वीज काढायला ते आपण घाट उतरवून कोकणात वळवतो. खालच्या राज्यांचा त्यावर हक्क आहे, म्हणून कृष्णा पाणीतंटा लवादानं मर्यादा घालून दिली: पाणीवर्षात, म्हणजे १ जून ते ३१ मे, पश्चिमेकडं ६७.५ टीएमसी. गुणाकार करा. वर्षाला साधारण २७० कोटी युनिट. हा कोयनेचा वर्षाचा शिधा.

आणि १,९६० मेगावॅट वर्षभर अखंड चालले तर किती युनिट होतील? सतराशे कोटींच्या वर. म्हणजे कोयना आपल्या ताकदीच्या सहाव्या भागाइतकीच वीज वर्षाला देते. असा आकडा कोळशाच्या केंद्राचा असता तर ते बंद पाडायची मागणी झाली असती.

चौथा टप्पा कशासाठी?

कोयनेचा चौथा टप्पा उभारायला शिवाजीसागराच्या तळाला खालून भोक पाडलं, धरण रिकामं न करता. १३ मार्च १९९९ चं ते लेक टॅपिंग. भारतात तसं आधी कुणी केलं नव्हतं. त्यानंतर १,००० मेगावॅटची यंत्रं सुरू झाली. एवढा खटाटोप, एवढा पैसा, आणि पाणी किती वाढलं? शून्य. लवादाचा आकडा तोच, ६७.५. वर्षाचे युनिट जवळजवळ तेवढेच. मग हजार मेगावॅट कशाला?

पहिल्या दोन टप्प्यांच्या ६०० मेगावॅटनं पूर्ण जोर लावला तर एक टीएमसी संपायला साधारण ५४ तास लागतात. वर्षाचा शिधा संपवायचा तर रोज दहा तास यंत्रं चालवावी लागतात. चौथा टप्पा आल्यावर दोन्हींची मिळून १,६०० मेगावॅट झाली. आता एक टीएमसी साधारण २० तासांत संपतो, आणि सगळे संच एकदम चालवले तर वर्षाचा कोटा दोन महिन्यांत उडतो. रोजच्या वाटणीला येतात जेमतेम चार तास.

म्हणजे चौथ्या टप्प्यानं वीज वाढवली नाही. दहा तासांत पसरलेली वीज चार तासांत गोळा करायची सोय केली. आणि ते चार तास कुठले, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. दिवेलागण झाली, दुकानांचे दिवे, घरांतले पंखे-एसी, टीव्ही, पाण्याच्या मोटारी, सगळं एकदम. उन्हाळ्यात तर विचारूच नका.

ढोबळ हिशेब करून बघू. चार तास तर आधीही गर्दीच्या वेळीच जात होते, उरलेले सहा तास मधल्याच वेळेला खर्ची पडायचे. म्हणजे २७० कोटींतले सुमारे १६७ कोटी युनिट मधल्या वेळेतून उचलून संध्याकाळी नेता आले. मधल्या वेळेच्या आणि संध्याकाळच्या भावात युनिटमागं दोन रुपयांचा फरक धरला (हा आकडा मी समजावण्यापुरता धरलाय), तर वर्षाला ३३० कोटी रुपयांवर फायदा, एकही जादा युनिट न बनवता. जलविद्युत केंद्राची किंमत ते किती वीज देतं यापेक्षा ती कधी देऊ शकतं यात जास्त असते. मला या लेखात मुख्य सांगायचंय ते एवढंच, बाकी सगळे त्याचे फाटे.

कांदाचाळ आणि टोमॅटो

नाशिककडच्या शेतकऱ्याला हे गणित शिकवावं लागत नाही. ज्याच्याकडं कांदाचाळ आहे तो भाव पडला की थांबतो, चढला की गाडी काढतो. टोमॅटोवाल्याला थांबता येत नाही, तोडला की त्याच दिवशी बाजार समिती गाठायची, मिळेल तो भाव घ्यायचा. सौरवीज म्हणजे टोमॅटो. दुपारी बारा वाजता सगळ्यांचीच एकदम येते आणि भाव पडतो. धरण म्हणजे कांदाचाळ.

वीज बाजारात आता दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव वेगळा. दुपारी तो दोन-तीन रुपयांवर येतो, संध्याकाळी तुटवड्याच्या दिवशी १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. मोठ्या ग्राहकांच्या बिलातही आता दुपारी सवलत आणि संध्याकाळी जादा आकार असतो, तो याच कारणानं.

मग प्रश्न येतो, चाळ आज उघडायची की उद्या? समजा डिसेंबर संपला आहे आणि ३१ मेपर्यंत वापरायला ३५ टीएमसी उरले आहेत. सगळे संच एकदम चालवायचे ठरवले तर ते साधारण ७१० तास पुरतील. आता जानेवारी ते मे या पाच महिन्यांतले सगळे तास भावानुसार एका रांगेत उभे करा, सगळ्यात महागडा पुढं. रांगेतल्या ७१० व्या तासाचा भाव समजा साडेसात रुपये आहे. तर हीच तुमच्या पाण्याची आजची किंमत. आत्ता बाजारात आठ रुपये मिळत असतील तर चालवा. सात मिळत असतील तर गप्प बसा, कारण तेच पाणी पुढं कधीतरी साडेसातला जाणार आहे. साडेसात रुपयांनी चार कोटी युनिट, म्हणजे एका टीएमसीला तीस कोटी रुपये. पाण्याचं बिल कुणी पाठवत नाही, पण ते असतं, फक्त उद्याच्या तारखेचं असतं.

अर्थशास्त्रात याला पाण्याचं मूल्य म्हणतात. १९४० च्या दशकात पिएर मासे नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं धरणांच्या संदर्भात याची नीट मांडणी केली. नॉर्वेत तर बहुतेक सगळी वीज पाण्याचीच, त्यामुळं तिथल्या कंपन्या रोज सकाळी आधी पाण्याची किंमत ठरवतात, मग वीज विकायला बसतात.

कागदावर हे सोपं दिसतं. खरी अडचण अशी की ती रांग कुणालाच आधी दिसत नाही. एप्रिलमध्ये उन्हाळा किती तापेल, एखादं मोठं औष्णिक, म्हणजे कोळशाचं, केंद्र ऐन वेळी बंद पडेल का, मान्सून ७ जूनला येईल की २५ ला? म्हणून पाण्याची किंमत रोज बदलते. धरण भरून सांडव्यावरून पाणी वाहायला लागलं की प्रत्येक जादा घनमीटरची किंमत शून्याकडं जाते. चाळीत कांदा सडायला लागला की पडत्या भावातही विकावा लागतो, तसं. उलट मे महिन्यात तळ दिसायला लागला की तेच पाणी सोन्याचं होतं. यंत्र तेच, धरण तेच, पाणी तेच, पण ऑगस्टचा घनमीटर आणि मेचा घनमीटर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मात्र कोयनेत लवादाचा कोटा १ जूनपासून मोजला जातो, त्यामुळं पावसाळ्यातही हात पूर्ण मोकळा नसतो.

त्यात पाण्याचं गिऱ्हाईक वीज हे एकटंच नाही. पाऊस कमी झाला की सांगली-साताऱ्यातून हाक येते, कारण टेंभू, ताकारीसारख्या उपसा योजना कोयनेतून कृष्णेत सोडलेल्या पाण्यावर चालतात. पूर्वेला सोडलेलं एक टीएमसी पायथ्याच्या वीजगृहातून पाऊण कोटी युनिटही देत नाही, कारण धरणाची उंचीच १०३ मीटर. शिवाय तेच पाणी पुढं टेंभूचे पंप वीज खाऊन वर चढवतात. निव्वळ विजेच्या हिशेबानं हा आतबट्ट्याचा व्यवहार. पण आटपाडीच्या डाळिंबवाल्याला विचारलं तर तो वेगळाच हिशेब मांडेल, आणि तो खोटा नसेल. पावसाळ्यात आणखी वेगळा पेच: चिपळुणात वाशिष्ठी दुथडी भरून वाहत असेल तर वीज काढून अवजल त्याच नदीत कसं सोडायचं? म्हणजे वरची ती रांग भावानुसार लावली तरी मध्येच काही तास पुरामुळं खोडावे लागतात, काही पाणी शेतीसाठी बाजूला काढावं लागतं. त्यानंतर उरतं ते वीजवाल्याचं.

नऊ मिनिटं

साठवण जलविद्युतची ताकद एका संध्याकाळी सगळ्या देशानं नकळत पाहिली. ५ एप्रिल २०२०, रात्री ९ वाजता, नऊ मिनिटं. पंतप्रधानांच्या आवाहनावरून सगळ्यांनी दिवे बंद करून पणत्या लावायच्या होत्या. आपण बाल्कनीत उभे होतो. तेव्हा देशातल्या भार प्रेषण केंद्रांमध्ये, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ घालणाऱ्या नियंत्रण कक्षांमध्ये, लोकांनी श्वास रोखून धरला होता. वीज साठवता येत नाही. मागणी आणि पुरवठा प्रत्येक क्षणी सारखे राहिले नाहीत तर वारंवारता ५० हर्ट्झवरून ढळते, आणि फार ढळली तर ग्रिड कोसळतं.

अंदाज होता मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटनं घटेल. प्रत्यक्षात घटली ३१ हजारांनी. हा धक्का झेलायला आधीच तयारी केलेली होती: नऊच्या आधी औष्णिक केंद्रं कमी करून जलविद्युत मुद्दाम जास्त चढवून ठेवली होती, २५,५५९ मेगावॅटपर्यंत. मग पुढच्या पंचवीस मिनिटांत ती ८,०१६ वर आणली. साडेसतरा हजार मेगावॅट पाण्यानं खाली घेतले, आणि दिवे लागायला लागल्यावर पुन्हा साडेनऊच्या आत १९,०१२ वर चढवले.

कोळशाच्या बॉयलरला असं करायला सांगून बघा. थंड बॉयलर पेटवून संच जोडायला तासन्‌तास जातात. पाण्याच्या टर्बाइनला झडप उघडायला मिनिटं पुरतात. शिवाय ग्रिड पूर्ण बंद पडलं तर बाहेरून वीज न घेता सुरू होऊ शकणारी केंद्रं बहुतांश पाण्याचीच असतात. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली तेव्हा टाटांच्या घाटातल्या जलविद्युत संचांचाही पुरवठा पूर्ववत करायला उपयोग केला गेला.

आता सांगा, त्या नऊ मिनिटांचं बिल कुणाला लावायचं? त्या पंचवीस मिनिटांत या केंद्रांनी जे केलं ते म्हणजे वीज *न बनवणं*. युनिट मोजणाऱ्या मीटरवर ती सेवा दिसतच नाही.

मिळकत आणि मोल यांचं जमत नाही

यावर आपल्याकडं एक उपाय आहे, अर्धामुर्धा. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या नियमांत जलविद्युत केंद्राचा वर्षाचा स्थिर खर्च दोन भागांत वसूल होतो. निम्मा केंद्र सज्ज ठेवल्याबद्दल, निम्मा प्रत्यक्ष विजेबद्दल. पाऊस कमी झाला तर दुसरा भाग धोक्यात येतो, पहिला टिकतो. भागभांडवलावरच्या परताव्यातही फरक केला होता: कोळशाच्या केंद्राला १५.५ टक्के, साठवण जलविद्युतला १६.५. एक टक्क्याचा हा फरक म्हणजे लवचिकतेला दिलेली दाद, असं म्हणायला हरकत नाही.

पण मूळ पद्धत खर्चावर आधारलेलीच आहे. कर्जाचं व्याज, घसारा, देखभाल, परतावा, सगळ्यांची बेरीज करून दर काढायचा. याचा परिणाम गमतीशीर होतो. नवं केंद्र, कर्ज डोक्यावर, म्हणून दर भरमसाट, आणि वीज कुणी घ्यायला तयार नाही. पंचवीस-तीस वर्षांनी कर्ज फिटलं की उरते ती देखभाल, आणि दर नाममात्र. दरम्यान सौरवीज वाढली, संध्याकाळची टंचाई वाढली, म्हणजे केंद्राची गरज वाढली. गरज चढत जाते, मिळकत उतरत जाते. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं आयुष्य ४० वर्षं धरणं, कर्जफेड १८ वर्षांपर्यंत लांबवणं, दर दरवर्षी दोन टक्क्यांनी चढता ठेवणं अशा सवलती दिल्या त्या हे उलटं चित्र जरा सरळ करायला.

कोयनेत आणखी एक पदर आहे. धरण आणि वीजगृहं जलसंपदा विभागाची, चालवते महानिर्मिती ही राज्याची वीजनिर्मिती कंपनी, भाडेपट्ट्यानं. भाडं किती ते राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. मग संध्याकाळी सातच्या कोयनेच्या युनिटाचं खरं मोल आणि तिचा नियमानं ठरलेला दर यांतला फरक कुणाच्या खिशात जातो? सरळ उत्तर: महावितरणच्या ग्राहकांच्या. तुमच्या माझ्या. आणि ज्यांची गावं शिवाजीसागराखाली गेली, त्यांतले काही अजूनही पुनर्वसनासाठी धरणं धरून बसतात. हा खर्च कुठल्याच वहीत नाही. मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हा मावळ्यांचं म्हणणं हेच होतं: मुंबईच्या गिरण्या चालणार, आमच्या भातखाचरांचं काय? वीज केंद्राची किंमत काढताना जमिनीला जो भाव पूर्वी दिला गेला तोच खर्च म्हणून धरतात. तो भाव रास्त होता का, हे विचारायला तिथं रकानाच नसतो.

विकायला काढलं तर?

एखादं जलविद्युत केंद्र विकत घ्यायचं तर किंमत कशी लावायची? पाटीवरचे मेगावॅट बघून नक्कीच नाही. तसं केलं तर सहाव्या भागानं चालणारी कोयना आणि बारा महिने वाहणाऱ्या नदीवरचं केंद्र एकाच तराजूत तोलल्यासारखं होईल. आधी पाणी किती ते बघायचं. त्यासाठी दहापैकी नऊ वर्षं नक्की मिळेल एवढंच पाणी धरतात, चांगल्या पावसाच्या वर्षाच्या भरवशावर बसत नाहीत. मग उडी किती, युनिट किती, त्यातले संध्याकाळी सरकवता येण्याजोगे किती, करार कुणाशी, कुठल्या दरानं, किती वर्षांचा. राज्याचा वाटा किती: हिमाचलसारख्या राज्यात १२ टक्के वीज राज्याला फुकट द्यावी लागते, वर एक टक्का स्थानिक विकासासाठी. शिवाय उद्या सरकार काय नवा आकार लावेल याचाही भरवसा नाही. हिमाचलनं २०२३ मध्ये जलविद्युतच्या पाण्यावर उपकर बसवला, २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं तो रद्द केला.

खरा व्यवहार बघायचा तर २०१५ चा. कर्जाच्या ओझ्याखाली आलेल्या जयप्रकाश समूहानं सतलजवरचं करछम वांगटू आणि बास्पा नदीवरचं बास्पा-२, अशी दोन चालू केंद्रं जेएसडब्ल्यूला विकली. एकूण मूल्य ९,७०० कोटी रुपये. तेव्हाची मंजूर क्षमता दोन्ही मिळून १,३०० मेगावॅट, म्हणजे मेगावॅटमागं साडेसात कोटी. घेणाऱ्यानं एवढे मोजले, कारण सगळ्यात मोठी जोखीम आधीच दुसऱ्या कुणीतरी पचवलेली होती. ती म्हणजे बांधकाम.

बांधकामात वेळ हाच खर्च असतो. १,००० कोटी पाच वर्षांत सारखे खर्च केले तर १० टक्के व्याजानं शेवटी १,२२१ कोटी होतात. तेवढेच काम दहा वर्षं रेंगाळलं, तर १,५९४. सिमेंट तेवढंच, पोलाद तेवढंच. आणि ही महागाई न धरता. आसाम-अरुणाचल सीमेवरच्या २,००० मेगावॅटच्या लोअर सुबनसिरीचं काम २००५ मध्ये सुरू झालं, २०११ च्या अखेरीस आंदोलनामुळं थांबलं, ऑक्टोबर २०१९ मध्ये पुन्हा हललं. सुरुवातीचा अंदाज ६,३०० कोटींच्या आसपास होता, सुधारित आकडा २६ हजार कोटींच्या वर गेला. सह्याद्रीचा काळा कातळ यात बराच प्रामाणिक. हिमालय तरुण, भुसभुशीत, भुयार खणताना पुढं काय लागेल सांगता येत नाही. आणि बांधून झालं म्हणजे सुटलो असंही नाही. सिक्कीममधलं १,२०० मेगावॅटचं तीस्ता-३ सुमारे १४ हजार कोटी खर्चून २०१७ मध्ये सुरू झालं. ४ ऑक्टोबर २०२३ ला वरचं हिमनदीचं सरोवर फुटलं आणि त्याचं धरण काही मिनिटांत वाहून गेलं.

दुसरी गोम भविष्यातल्या पैशाला आज किती मोल द्यायचं याची. १० टक्के व्याजदर धरला तर तीस वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत पावणेसहा पैसे. ६ टक्के धरला तर साडेसतरा पैसे. जलविद्युतची खरी मजा उशिरा सुरू होते, कर्ज फिटल्यावर, आणि नेमकी तीच वर्षं हा हिशेब पुसून टाकतो. १० टक्के धरून कोष्टक मांडलं तर चाळिसाव्या वर्षानंतर केंद्र अनंतकाळ चाललं तरी एकूण किमतीत त्याचा वाटा दोन-सव्वादोन टक्के. आता खोपोलीकडं बघा. टाटांचं तिथलं वीजगृह १९१५ चं, भिवपुरीचं १९२२, भिऱ्याचं १९२७. यंत्रं बदलली, पण तलाव, डोंगर आणि ती उडी तशीच आहे, आणि वीज अजून मुंबईला जाते. १९१५ सालच्या कुठल्याही हिशेबनिसानं २०२५ ची वीज एका पैशाचीही धरली नसती.

तेच पाणी पुन्हा वर

सध्या घाटात सगळी धावपळ उदंचन प्रकल्पांची आहे. दोन तलाव, एक वर एक खाली. दुपारी वीज स्वस्त असते तेव्हा पाणी पंपानं वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. नवं पाणी लागत नाही, फक्त बाष्पीभवनानं उडालेलं भरून काढायचं, त्यामुळं लवादाच्या कोट्याचाही त्रास कमी. आपल्याकडं घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचा असा प्रकल्प आहे. वर प्रवरेवरचा तलाव, खाली शहापूर तालुक्यात चोंढे. भिऱ्यालाही टाटांचा १५० मेगावॅटचा उदंचन संच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरनं राज्य सरकारशी शिरवटा १,८०० आणि भिवपुरी १,००० मेगावॅटचा करार केला, अंदाजे १३ हजार कोटींचा.

उदंचन वीज बनवत नाही, उलट खाते. शंभर युनिट लावून पाणी वर नेलं की खाली सोडताना पंचाहत्तर ते ऐंशीच परत मिळतात. तरीही धंदा कसा चालतो ते पाहू. १३ हजार कोटी भागिले २,८०० म्हणजे मेगावॅटमागं सुमारे ४.६ कोटी. व्याज, परतावा, घसारा, देखभाल मिळून वर्षाला १२ टक्के धरा: ५५ लाख. वर्षातले ३३० दिवस रोज सहा तास चालवलं तर एक मेगावॅट वीस लाख युनिट देतो. म्हणजे युनिटमागं पावणेतीन रुपये नुसते यंत्राचे आणि डोंगराचे. दुपारची वीज अडीच रुपयांनी घेतली आणि शंभराचे शहात्तर मिळाले, तर तिचा खर्च युनिटमागं तीन रुपये तीस पैसे. बेरीज सहा रुपयांच्या थोडी वर.

म्हणजे संध्याकाळचा भाव रोजच्या रोज सरासरी सहाच्या वर राहिला पाहिजे. आठवड्यातून दोन दिवस १० रुपये आणि पाच दिवस चार, एवढ्यानं भागत नाही. जसजसे असे प्रकल्प वाढतील तसतसे सगळे दुपारी एकदम वीज घ्यायला येतील, म्हणून दुपारचा भाव चढेल. संध्याकाळी सगळे एकदम विकायला येतील, म्हणून तो उतरेल. कांदाचाळी जास्त झाल्या की उन्हाळ कांद्याला दिवाळीचा भाव मिळत नाही, तेच. त्यात बॅटऱ्यांच्या किमती सारख्या उतरताहेत, आणि बॅटरी बसवायला डोंगर शोधावा लागत नाही. मात्र ती बारा-पंधरा वर्षांत बदलावी लागते, तलाव बदलावा लागत नाही.

म्हणून हे प्रकल्प उभारणारे रोजच्या बाजाराच्या भरवशावर बसत नाहीत. वितरण कंपनीशी पंचवीस-चाळीस वर्षांचा करार करून मेगावॅटमागं वर्षाचं ठरावीक भाडं मागतात, पाणी वर न्यायची वीजही तुम्हीच आणा म्हणतात. दुपार आणि संध्याकाळ यांच्या भावातला फरक उद्या निम्म्यावर आला तरी त्यांना भाडं मिळतच राहतं. तो तोटा मग करारावर सही करणाऱ्या महावितरणसारख्या कंपनीच्या वहीत येतो, आणि तिथून आपल्या बिलात.